प्रजननाच्या काळातील बजींचा आहार: धान्य, पेलेट, अंड्याचे खाद्य आणि पूरके यांची तुलना

बजीच्या, म्हणजे बजरीगार या छोट्या पोपटाच्या, जोडीला पिंजऱ्यात घरट्यासाठी मडके टांगायचे किंवा लाकडी पेटी लावायची असे ठरले की आहाराचा निर्णय त्याच्या निदान तीन-चार आठवडे आधी व्हायला हवा. बहुतेक घरांत तो पहिले अंडे दिसल्यावर होतो, मग घाईने दुकानातून कॅल्शियमची बाटली, व्हिटॅमिनचे थेंब, मिनरल ब्लॉक (चोचीने खरडून खायची खनिजांची वडी) आणि अंड्याच्या खाद्याचे पाकीट असे सगळे एकदम आणले जाते. यातले प्रत्येक साधन कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत उपयोगी आहे, परंतु एकमेकांच्या जोडीने ती सगळी वापरण्याची गरज क्वचितच असते, आणि काही जोड्या तर अपायकारकच ठरतात. कोणते पूरक घ्यायचे हे पूरकाच्या डब्यावरून ठरवता येत नाही. रोजच्या वाटीत मूळ आहार कोणता आहे, यावरून ते ठरते. म्हणून या आढाव्यात आधी मूळ आहाराची आणि मग पूरकांची तुलना केली आहे. महाराष्ट्रात ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते पक्षी बहुतेक वेळा बजीच असतात. खरे आफ्रिकन लव्हबर्ड आकाराने थोराड असल्याने त्यांच्यासाठी लिहिलेली प्रमाणे इथे जशीच्या तशी लागू करू नयेत.

गरज नेमकी किती वाढते

आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या साध्या जातीच्या मादीचे वजन साधारण ३५ ते ४० ग्रॅम असते आणि तिचे एक अंडे सुमारे २ ग्रॅमचे असते. ती एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. सहा अंडी झाली तर दहा-बारा दिवसांत तिने स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के एवढा माल शरीरातून बाहेर काढलेला असतो. त्यानंतर प्रत्येक अंड्यामागे सुमारे १८ दिवसांची उबवण असते, आणि मग जेमतेम दोन ग्रॅमचे उघडे-बोडके पिल्लू महिन्याभरात तीस ग्रॅमच्या वर जाते. हाडे, स्नायू आणि पिसे या तिन्हींची वाढ एकाच वेळी चाललेली असते, आणि तीही एका घरट्यात चार-पाच पिल्लांची.

या सगळ्या अन्नाचा मार्ग लक्षात घेणे निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मादी उबवायला बसली की ती फार थोडा वेळ बाहेर येते. नर वाटीतले अन्न खातो, ते उलटून मादीला भरवतो आणि मादी पिल्लांना भरवते. पहिल्या काही दिवसांत मादी आपल्या जठराच्या वरच्या भागातील प्रथिनयुक्त स्राव पिल्लांना देते, परंतु तो तयार होण्यासाठीही तिला नराकडूनच पुरवठा व्हावा लागतो. याचा अर्थ असा की जो पदार्थ नर खात नाही तो कितीही पौष्टिक असला तरी पिल्लांपर्यंत पोहोचत नाही. पेटी लावल्यानंतर नवा पदार्थ वाटीत ठेवून तो नर खाईल अशी वाट पाहणे हा जुगार आहे, कारण बजी हा अनोळखी अन्नाकडे आठवडेच्या आठवडे पाठ फिरवणारा पक्षी आहे. पुढील प्रत्येक पर्यायाची तुलना करताना पोषणमूल्याइतकेच वजन या स्वीकाराला द्यावे.

धान्य: पाया म्हणून चांगले, एकटे अपुरे

आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या मिश्रणात बाजरी आणि राळा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत कांगणी, यांचा भरणा असतो. त्याबरोबर वरी, कॅनरी सीड, ओट, आणि कधी करडई किंवा सूर्यफूल. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील गवताळ प्रदेशाचा; पाऊस पडून गवत बी धरू लागले की तिथे हे पक्षी प्रजननाला लागतात. तेव्हा बारीक तृणधान्य हा त्याचा स्वाभाविक आहार आहे, हे खरेच. मात्र त्या काळात रानात त्याला मिळते ते हिरवे, दुधाळ, अर्धे भरलेले बी असते. पोत्यातली वाळलेली बाजरी त्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

उणीव कुठे आहे ते आकड्यांत पाहता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११.६ ग्रॅम प्रथिने आणि ४२ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, राळ्यात १२.३ ग्रॅम प्रथिने आणि ३१ मिलिग्रॅम कॅल्शियम. फॉस्फरस मात्र दोन्हींत २९० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे कॅल्शियमच्या सात ते नऊ पट. पक्ष्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवे असते, आणि इथे गणित नेमके उलटे आहे. प्रथिनांचे प्रमाण एरवीच्या काळात चालून जाण्याजोगे असले, तरी त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते, आणि पिसे उगवणाऱ्या पिल्लांना ते भरपूर लागते. जीवनसत्त्व अ आणि ड३ धान्यात जवळजवळ नसतात. आयोडीनही अत्यल्प असते; निव्वळ धान्यावरच्या बजींमध्ये गळ्यातील थायरॉइड ग्रंथी सुजणे हा जुना, ओळखीचा विकार आहे.

नाचणी या सर्वांत वेगळी: तिच्यात १०० ग्रॅममागे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, परंतु प्रथिने केवळ ७.३ ग्रॅम. मिश्रणात तिचा एक हिस्सा जरूर असावा. मात्र नाचणी घातली म्हणजे कॅल्शियमची चिंता मिटली असे समजू नये, याचे कारण पुढे हिशेबासह येईल. सूर्यफूल आणि करडई यांच्यात स्निग्धांश इतका असतो की पक्षी तेच वेचून खातात आणि लठ्ठ होतात. लठ्ठ मादीच्या बाबतीत अंडे अडकण्याचा धोका वाढतो. थंडीत उबवणाऱ्या जोडीला चिमूटभर करडई चालेल, पण पेटी लावण्यापूर्वीच्या तयारीत ती नकोच.

धान्याचा मोठा गुण म्हणजे ते दिवसभर वाटीत राहिले तरी खराब होत नाही आणि कोणत्याही नराला ते शिकवावे लागत नाही. बजी दाणा सोलून खातो, त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात तिच्यात फोलपटे उरलेली असतात. पिल्ले असताना सकाळ-संध्याकाळ फुंकर मारून वाटी तपासणे हे कुठल्याही पूरकापेक्षा आधीचे काम आहे.

पेलेट: पूर्ण, पण वेळेचे बंधन असलेले

पेलेटमध्ये धान्य, प्रथिनांचे स्रोत, जीवनसत्त्वे आणि खनिजे एकजीव करून गोळ्या बनवलेल्या असतात. पक्ष्याला त्यातून आवडीचे वेचता येत नाही, हा त्यांचा मुख्य फायदा. प्रजननासाठीचे प्रकार वेगळे मिळतात आणि त्यांत प्रथिने नेहमीच्या प्रकारापेक्षा जास्त असतात. आपल्याकडे मिळणारी चांगली पेलेट बहुतांशी आयात केलेली, म्हणून महाग आणि लहान गावांत दुर्मीळ. पाकीट सुट्या स्वरूपात फोडून विकलेले असेल तर त्याची तारीख आणि साठवण यांची खात्री राहत नाही, तेव्हा असे सुटे पेलेट घेऊ नयेत.

धान्यावर वाढलेल्या बजीला पेलेटवर आणायला कित्येक आठवडे लागतात, आणि त्या काळात त्याचे वजन रोज पाहावे लागते, कारण काही पक्षी वाटीत पेलेट असूनही उपाशी राहतात. म्हणून हा बदल प्रजननाच्या हंगामाबाहेर, पेटी काढलेली असताना करायचा. उबवणाऱ्या जोडीच्या वाटीतले धान्य काढून पेलेट ठेवणे म्हणजे पिल्लांचे अन्न तोडणे. केवळ पेलेटवर ठेवलेल्या बजींच्या मूत्रपिंडांवर ताण येतो अशी शंका काही पशुवैद्यांना वाटते आणि ते धान्याचा हिस्सा कायम ठेवायला सांगतात. मलाही निम्मे पेलेट आणि उरलेल्या निम्म्यात धान्य व भाजी हा मध्यम मार्ग जास्त सुरक्षित वाटतो.

पेलेट निवडणाऱ्याने एक गोष्ट मात्र पक्की धरावी: आहारातील अर्धा किंवा त्याहून जास्त भाग पेलेटचा असेल तर व्हिटॅमिनचे थेंब पूर्णपणे बंद. जीवनसत्त्व अ आणि ड३ शरीरात साठत जातात, आणि ड३ अति झाले की कॅल्शियम मूत्रपिंडांत व रक्तवाहिन्यांत साचू लागते. सगळ्यात महाग पेलेट आणि सगळ्यात महाग थेंब एकत्र देणारा माणूस पक्ष्याला दुहेरी मात्रा देत असतो.

अंड्याचे खाद्य की मोड आलेले धान्य

पिल्लांच्या काळात धान्याच्या जोडीला मऊ, ओलसर, प्रथिनयुक्त अन्न लागते, आणि त्यासाठी आपल्याकडे दोन खरे पर्याय आहेत.

पहिला अंड्याचा. कोंबडीचे अंडे वीस मिनिटे कडक उकडून, कुस्करून, त्यात टोस्टचा किंवा रस्कचा कोरडा चुरा आणि किसलेले गाजर मिसळले की भुरभुरीत खाद्य तयार होते. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने मोडावा, इतकाच ओलावा असावा. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने, लायसिन आणि मेथिओनिन ही दोन्ही आवश्यक अमिनो आम्ले, आणि पिवळ्या बलकातून जीवनसत्त्व अ व ड३ मिळते. म्हणजे धान्याच्या बहुतेक उणिवा ते एकटे भरून काढते. दाण्यांच्या आहाराला जोड म्हणून याच्या तोडीचे दुसरे काही नाही, असे माझे मत आहे. याची मर्यादा म्हणजे नाशवंतपणा. हवा दमट असो वा उन्हाळ्याची, दोन तासांनी वाटी उचलायलाच हवी. विदर्भाच्या एप्रिलमध्ये त्याच्याही आधी. सकाळी आठला वाटी ठेवून संध्याकाळी सातला घरी परतणाऱ्याने हा पर्याय स्वतःच्या भरवशावर निवडू नये. आंबलेले अंड्याचे खाद्य चार दिवसांच्या पिल्लाच्या अन्नपिशवीत गेले तर ते पिल्लू वाचत नाही.

पाकिटात मिळणारे सुके अंड्याचे खाद्य ही अडचण बरीच कमी करते. ते कोरडेच देता येते, दिवसभर टिकते आणि पक्ष्यांना लवकर आवडते. त्यात साखर किंवा मध किती आहे आणि जीवनसत्त्वे वरून घातलेली आहेत का, हे वेष्टनावर पाहावे. घातलेली असतील तर त्यांचा हिशेब पूरकांमध्ये धरावा.

दुसरा पर्याय मोडांचा. ज्या स्वयंपाकघरात अंडे येत नाही अशा घरांसाठी तो केवळ तडजोड म्हणून नव्हे, तर विचारपूर्वक निवडण्याजोगा आहे. मूग आणि मटकी यांच्या प्रथिनांत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी. बाजरी-राळ्यात नेमके उलट. दोन्ही एकत्र दिले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मोड आल्याने दाणा मऊ होतो, पचायला सोपा होतो आणि काही जीवनसत्त्वांचे प्रमाण वाढते. बाजरी आणि राळा यांनाही मोड आणता येतात, आणि जे नर डाळीच्या मोडांना चोच लावत नाहीत ते ओळखीच्या बाजरीचे मोड आनंदाने खातात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. कच्चा राजमा आणि कच्चे सोयाबीन मात्र मोड आणूनही देऊ नये.

मोडांचा शत्रू बुरशी आहे. आठ ते दहा तास भिजवून, स्वच्छ पाण्यात तीन-चार वेळा खळाळून, फडक्यात बांधून ठेवावे. पांढरे टोक दिसले की लगेच वापरावे, लांबलचक मोडांची वाट पाहू नये. आंबट, कुबट वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागले तर सगळे टाकून द्यावे. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत कोकणात मोड सुरक्षितपणे आणणे फार जिकिरीचे असते. त्या काळात मूग सरळ शिजवून, पाणी निथळून देणे बरे. तुलना करायची तर अंडे पोषणात सरस, मोड टिकण्यात थोडे सरस, आणि पिल्ले फुटल्यापासून पहिले दहा दिवस, जेव्हा वाढ सर्वांत वेगाने होते, तेव्हा अंड्याच्या खाद्याचा फरक स्पष्ट जाणवतो.

दुधात भिजवलेला पाव ही तिसरी, जुनी पद्धत अजून अनेक घरांत आहे. पक्ष्यांना दुधातील साखर पचत नाही आणि ओला पाव आपल्या हवेत तासाभरात आंबू लागतो. तिची निवड करू नये.

हिरव्या भाज्यांबाबत फार लिहिण्याची गरज नाही, पण एक फरक ध्यानात ठेवावा. बाजारात सर्वांत सहज मिळणारा पालक कॅल्शियमच्या दृष्टीने सर्वांत कमी कामाचा, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅममागे ४४० मिलिग्रॅम, मेथीत ३९५ आणि कोथिंबिरीत १८४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि शेवग्यात बीटा कॅरोटीनही विपुल. भाजीतल्या बीटा कॅरोटीनपासून पक्ष्याचे शरीर गरजेपुरतेच जीवनसत्त्व अ बनवते, त्यामुळे बाटलीतल्या जीवनसत्त्वासारखी अतिमात्रेची भीती नसते. पाला वाहत्या पाण्यात धुऊन, पुसून, पिंजऱ्याला जुडी टांगून द्यावा. अवोकाडो मात्र कोणत्याही रूपात नको. बजीसाठी ते विष आहे.

कॅल्शियम: कटलबोन, कवच, ब्लॉक की बाटली

आता वर सांगितलेला हिशेब. बजीच्या दोन ग्रॅमच्या अंड्याचे कवच त्याच्या वजनाच्या आठ टक्के धरले तर ते १६० मिलिग्रॅमचे होते, आणि कवच जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने त्यात सुमारे ६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मादी दिवसाला सात ग्रॅम दाणे खाते असे मानले तर बाजरीतून तिला रोज फक्त तीन मिलिग्रॅम मिळते. निव्वळ नाचणी खाल्ली, जी ती खाणार नाही, तरी रोज २४ मिलिग्रॅम. दोन दिवसांचे ४८, आणि तेही सगळे शोषले जात नाही. म्हणजे दर दोन दिवसांनी ६० मिलिग्रॅमचा खर्च कोणत्याही धान्याने भरून निघणार नाही. मादी अंडी घालण्यापूर्वी आपल्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करून ठेवते आणि कवच बनवताना त्यातून उचल करते. हा साठा आधी झाला पाहिजे, म्हणूनच कॅल्शियमचा स्रोत पेटी लावण्याच्या महिनाभर आधीपासून पिंजऱ्यात हवा.

कटलबोन, म्हणजेच आयुर्वेदिक दुकानातले समुद्रफेन, हे माकुळासारख्या समुद्री जीवाचे अंतर्कवच. त्याचा बहुतांश भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, एका ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम मिळते, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे मात्रा पक्षी स्वतः ठरवतो: एरवी महिनोन्महिने न शिवणारी मादी अंडी घालण्याच्या सुमारास ते चोचीने भराभर कुरतडू लागते. कोकण किनाऱ्यावर ते वाहून आलेले सापडते. ते वापरायचे असेल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवून, कडक उन्हात वाळवावे. मऊ बाजू पक्ष्याकडे येईल असे बांधावे, कारण पाठीचा कडक भाग बजीच्या चोचीला दाद देत नाही.

कोंबडीच्या अंड्याचे कवच हा तितकाच चांगला आणि फुकटचा स्रोत आहे. उकळून, वाळवून, भाजून त्याची जाडसर पूड करावी आणि छोट्या वाटीत वेगळी ठेवावी किंवा अंड्याच्या खाद्यात चिमूटभर मिसळावी. कटलबोन न मिळणाऱ्या गावात याच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येते.

मिनरल ब्लॉकची गोष्ट वेगळी. रंगीत, फळांच्या आकाराच्या ब्लॉकमध्ये काय आहे हे वेष्टनावर लिहिलेले नसेल तर ते फारसे काही नसते, असेच समजावे. पुष्कळदा ते इतके कडक असतात की मादीला त्यातून काहीच खरडता येत नाही. आयोडीन असलेला ब्लॉक मात्र धान्यप्रधान आहारात खरोखर उपयोगी आहे आणि कटलबोनच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे, तो ठेवावा.

द्रव कॅल्शियमचा वापर आपल्याकडे भरपूर होतो. ओस्टोवेटसारखी नावे पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलण्यात सतत येतात. ही औषधे मुळात जनावरे आणि कोंबड्यांसाठी बनवलेली असतात. दोन किलोची कोंबडी आणि चाळीस ग्रॅमचा बजी यांच्या वजनात पन्नास पटींचा फरक आहे, तेव्हा बाटलीवरची मात्रा अंदाजाने भागून देणे धोक्याचे. त्यांचा एक खरा फायदा असा की त्यांत बहुधा ड३ असते, आणि ड३ नसेल तर पोटात गेलेले कॅल्शियम शोषलेच जात नाही. ज्या मादीने पूर्वी पातळ कवचाची अंडी घातली आहेत किंवा जिचे अंडे एकदा अडकले आहे, तिच्यासाठी पशुवैद्याकडून मात्रा ठरवून घेऊन ते वापरावे. धडधाकट मादीला, कटलबोन समोर असताना, रोज सक्तीने पाण्यातून कॅल्शियम पाजण्यात शहाणपण नाही. जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर पडतो, आणि पाणी एकच असल्याने तो नरावर व पिल्लांवरही पडतो.

जीवनसत्त्वे: पाणी, पूड की ऊन

व्हिटॅमिन पूरकांमध्ये व्हायमेरालसारखे थेंब पाण्यात घालण्याची पद्धत सर्वांत सोपी म्हणून सर्वांत प्रचलित आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी भरवशाची आहे. बजी कोरड्या प्रदेशातला पक्षी असल्याने पाणी मुळात थोडे पितो. थंडीत दोन घोट, उन्हाळ्यात कितीतरी जास्त. त्यामुळे तीच बाटली डिसेंबरमध्ये अपुरी आणि मेमध्ये अति ठरू शकते. पाण्यात उजेड आणि उष्णता यांमुळे जीवनसत्त्वे काही तासांत निकामी होतात, जंतू मात्र वाढतात, आणि चव आवडली नाही तर पक्षी पाणीच टाळतो. उबवणाऱ्या जोडीच्या बाबतीत हे परवडणारे नाही.

पुडीच्या रूपातील पूरक अधिक भरवशाचे, परंतु कोरड्या दाण्यांवर भुरभुरलेले वाया जाते, कारण पक्षी साल काढून फेकतो आणि पूड सालीबरोबर जाते. ती चिकटावी म्हणून दाण्यांना माशाचे तेल चोळण्याची जुनी पद्धत टाळावी. असे तेल लवकर खवट होते आणि शरीरातील जीवनसत्त्व ई खर्च करून टाकते. पूड द्यायची तर ओलसर अंड्याच्या खाद्यात किंवा मोडांत, आठवड्यातून दोन-तीन वेळा, वेष्टनावरील प्रमाणात. जो नर ओले अन्न खातो त्याच्यामार्फत मोजकी मात्रा सगळ्यांना पोहोचते.

ड३ चा तिसरा स्रोत फुकटचा आहे आणि फ्लॅटमध्ये नेमका तोच हातचा जातो. कोवळ्या उन्हात पक्ष्याच्या शरीरात ड३ तयार होते. मात्र खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातील उपयोगी किरण काच अडवून धरते. गॅलरीत रोज अर्धा तास, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून मिळालेले सकाळचे ऊन असेल तर ड३ चे थेंब बहुधा लागत नाहीत. पेटी लावल्यावर पिंजरा उचलून हलवणे योग्य नाही, म्हणून जागा निवडतानाच हे पाहावे.

अंडी निर्जीव निघाली की जीवनसत्त्व ई ची बाटली सुचवली जाते. आधी दांडी हलते का ते पाहावे, कारण डळमळत्या दांडीवर मीलन नीट होत नाही. जोडीचे वय दहा-बारा महिन्यांहून कमी आहे का तेही पाहावे. या दोन्ही गोष्टींवर बाटलीचा उपयोग नाही. वाळू-खड्यांची वाटीही आवश्यक नाही, कारण दाणा सोलून खाणाऱ्या पक्ष्याला तो दळायला खडे लागत नाहीत, आणि आजारी बजी ते अति खाऊन अन्नपिशवी कोंडून घेतो.

कोणासाठी काय

दिवसा घरी कोणीतरी असेल आणि अंडे चालत असेल, तर बाजरी, राळा, नाचणी व कॅनरी सीड यांचे मिश्रण, रोज ताजे अंड्याचे खाद्य, शेवगा किंवा मेथी आणि कटलबोन एवढे पुरेसे आहे; आयोडीनचा ब्लॉक सोडल्यास बाटली कोणतीच लागत नाही. पेटी लावण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत जोडीमागे एक चमचा अंड्याचे खाद्य एक दिवसाआड द्यावे, अंडी घालणे संपल्यावर ते थोडे कमी करावे, आणि पहिले पिल्लू फुटले की रोज दोन ते तीन वेळा, थोडे-थोडे, पिल्लांच्या संख्येनुसार वाढवत न्यावे.

दिवसभर घर बंद राहत असेल तर सकाळी निघण्यापूर्वी दीड-दोन तास आणि संध्याकाळी परतल्यावर मऊ अन्न, मधल्या वेळेत धान्य आणि सुके अंड्याचे खाद्य, अशी विभागणी जमते. हंगामाबाहेर पक्ष्यांना पेलेटची सवय लावलेली असेल तर अशा घरासाठी तोच सर्वांत सोयीचा पाया ठरतो. अंडे वर्ज्य असलेल्या घरात मोड व शिजवलेले मूग, शेवगा, कटलबोन आणि जोडीला मऊ अन्नात मिसळायची व्हिटॅमिनची पूड. बाटलीबंद किंवा पुडीच्या पूरकाला इथे खरी जागा आहे, कारण बलकातून मिळणारे अ आणि ड३ या आहारात नसते. मोठ्या पिंजऱ्यात आठ-दहा जोड्या एकत्र असतील तर कोणती मादी किती खाते हे कळत नाही. तिथे पाण्यातून किंवा खाद्यातून सरसकट पूरक देण्यापेक्षा कटलबोनचे तुकडे आणि अंड्याच्या खाद्याच्या वाट्या तीन-चार ठिकाणी ठेवणे अधिक परिणामकारक, नाहीतर दांडगी जोडी सगळे संपवते.

पूरके थांबवण्याची वेळही ठरवून ठेवावी लागते. भरपूर मऊ अन्न ही बजीच्या शरीराला प्रजनन चालू ठेवण्याची खूण असते. पहिली पिल्ले महिन्याची होऊन बाहेर पडण्याच्या सुमारास मादी पुन्हा अंडी घालू लागते, आणि लागोपाठ तिसऱ्या खेपेला तिच्या हाडांतला साठा रिकामा झालेला असतो. वर्षात दोन खेपा पुरे. दुसऱ्या खेपेची पिल्ले बाहेर आली की पेटी किंवा मडके काढावे, अंड्याचे खाद्य एकदम न तोडता दहा-बारा दिवसांत कमी करत आठवड्यातून एकदा यावर आणावे, व्हिटॅमिनची पूड बंद करावी आणि धान्य, पाला व कटलबोन तसेच ठेवावे. बाहेर पडलेली पिल्ले पाच-सहा आठवड्यांची होऊन स्वतः दाणे सोलू लागेपर्यंत त्यांच्यासाठी मऊ अन्नाची वाटी शक्य तर वेगळ्या पिंजऱ्यात, नराच्या सोबतीने, चालू ठेवावी. या वयात पेलेट किंवा मोड समोर आले तर ती पिल्ले ते सहज स्वीकारतात, आणि पुढच्या वर्षी त्यांची जोडी लावायची असेल तर नव्या अन्नाची सवय लावण्याचा वेळ वाचतो.